सावत्र नातं आणि वारसा

मंडळी, घरातला कर्ता गेला, तेरावा उरकला, की पुढचा प्रश्न उभा राहतो तो सात-बाराचा. नावं कोणाकोणाची लागणार? मृत्युपत्र बहुधा केलेलं नसतं. त्यातून घरात थोरलीची आणि धाकटीची अशी मुलं असली, तर काल एका ताटात जेवलेली भावंडं आज तलाठ्यापुढे एकमेकांना ओळख देत नाहीत. अशा वेळी कायदा काय पाहतो, ते आज आपण समजून घेऊ.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. सावत्र आई आणि सावत्र मूल यांना जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे बापाचं दुसरं लग्न. म्हणून इथे सिद्ध करायचं असतं ते लग्न. कोणी कोणाला वाढवलं, किती माया केली, हे वारसा ठरवताना विचारलं जात नाही.

१७ जून १९५६ पासून हिंदू उत्तराधिकार अधिनियम लागू आहे. तो लिंगायत, बौद्ध, जैन, शीख यांनाही लागतो. मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांचे नियम वेगळे आहेत. समजा, एका शेतकऱ्याने स्वकष्टाने आठ एकर घेतले. थोरली दोन मुलं मागे ठेवून वारली. मग त्याने दुसरं लग्न केलं, धाकटीला एक मुलगी झाली. तो वारला, त्याची आई आधीच गेलेली. आता वाटे चार : तीन मुलांचे तीन, धाकटीचा एक. प्रत्येकाला दोन एकर. धाकटीला ‘तू परकी’ म्हणून बाजूला काढता येत नाही, तशीच थोरलीची मुलंही वगळता येत नाहीत. वडिलोपार्जित जमिनीचा हिशेब मात्र निराळा असतो.

पण थोरली हयात असतानाच दुसरं लग्न झालं असेल तर? हिंदू विवाह अधिनियम १८ मे १९५५ पासून लागू झाला. त्यानंतर कायदेशीर काडीमोड न घेता केलेलं असं लग्न रद्दबातल ठरतं. मग धाकटीला विधवा म्हणून वाटा मागता येत नाही. तिच्या मुलांचा बापाच्या मिळकतीतला हक्क मात्र कायद्याने राखला आहे. म्हणून थोरली केव्हा वारली आणि धाकटीशी लग्न केव्हा लागलं, या दोन तारखांना फार मोल आहे.

आता उलट बाजू पाहू. सावत्र आई विधवा असताना वारली, तर तिच्या सावत्र मुलाला काय? सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली लछमनसिंग विरुद्ध किरपासिंग या दाव्यात याचा उलगडा केला. ‘मुलगा’ या शब्दात सावत्र मुलगा येत नाही. तिच्या पोटची मुलं असतील तर तिची मिळकत त्यांचीच. ती नसतील, तर सावत्र मुलगा तिच्या नवऱ्याचा वारस म्हणून पुढे येतो. मात्र तिला आईबापांकडून वारशाने आलेली जमीन, मूलबाळ नसल्यास, तिच्या बापाच्या वारसांकडे जाते.

सावत्र बापाचंही तसंच. आईने दुसरं घर केलं आणि मागच्या घरचं मूल सोबत नेलं, तर ते त्या बापाचं वारस होत नाही. त्याच्या सख्ख्या बापाच्या जमिनीतला हक्क मात्र कायम राहतो. शिक्षकांनी इथे जपावं. शाळेच्या प्रवेश रजिस्टरात सावत्र बापाचं नाव बाप म्हणून लिहिलं, तर वारसा मिळत नाहीच, उलट सख्ख्या बापाकडचा हक्क मागताना खुलासे करत बसावं लागतं. पालक निराळा असेल तर तो पालक म्हणूनच लिहावा.

मग पुरावा कुठला? विवाह नोंदणीचा दाखला सर्वांत चांगला. तो नसेल तर थोरलीच्या मृत्यूचा दाखला, मतदार यादी, शिधापत्रिका, शाळेचा उतारा, लग्नाला हजर असलेले वडीलधारे. नातं जवळून जाणणाऱ्या माणसांची साक्ष न्यायालय विचारात घेतं. पुष्कळ वर्षं नवराबायको म्हणून नांदलेल्या जोडप्याचं लग्न झालं होतं, असं सहसा धरून चालतात. ते खोटं म्हणणाऱ्याने तसा पुरावा द्यायचा.

आपल्याकडे जुने कागद शोधताना एक अडचण येते. निलंगा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता, पुढे उस्मानाबादेत, आणि १९८२ पासून लातुरात. त्यामुळे जुन्या कागदावर बीदरचं नाव किंवा उर्दू लिपी दिसली तर गोंधळू नका. जाणकाराकडून वाचून घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीच्या आसपास कागदांच्या पेट्या ढिगाऱ्यात गेल्या आणि साक्ष देणारी माणसंही गेली. घरचा कागद गेला असला, तरी कचेरीत नोंद असेल तर तिची नक्कल मिळते.

वारसनोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावा. शपथपत्रात सख्खे-सावत्र सगळे वारस लिहावेत. एखादं नाव गाळलं की पुढे तंटा आलाच. फेरफाराने मालकी ठरत नाही. वाद असेल तर निकाल दिवाणी न्यायालयाचा.

आणि सावत्र लेकराला खरोखर काही द्यायचं मनात असेल, तर मृत्युपत्र करा. त्याला स्टँप लागत नाही. करणाराची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. साक्षीदार मात्र असा घ्या, की ज्याला त्यातून काही मिळायचं नाही.