सीडी, फोन आणि अम्मीच्या बांगड्या

वाशीमच्या आमच्या घरात एका लाकडी पेटीत ऐंशी-नव्वद सीडी आहेत. भाचा सुटीत आला की पेटीकडे बघून हसतो. ‘मामू, हे सगळं फोनवर आहे. कशाला जपता?’ मी म्हणायचो, ‘फोनमध्ये तो आवाज नाही.’ असं ठामपणे म्हणायचो, की जणू काही तपासून पाहिलंय. तपासलं नव्हतं. शेवटी भाच्यानंच माझी परीक्षा घेतली.

त्याआधी हा आवाज साठवतात कसा ते थोडं सांगतो. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस, मला समजलं तेवढंच तुमच्यापुढे ठेवतो.

फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांची सीडी १९८२ साली बाजारात आली. आवाज म्हणजे हवेतली लाट. सीडीसाठी या लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात. एवढी का? तर निरोगी, तरुण कानाला सेकंदाला फार तर २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आणि कंपन नीट पकडायला त्याच्या दुपटीहून जास्त मापं घ्यावी लागतात. ही सगळी मापं डाव्या-उजव्या बाजूंची मिळून सेकंदाला १४ लाखांवर बिट होतात. म्हणजे एका मिनिटाच्या गाण्याला दहा एमबी. नव्वदच्या दशकातल्या टेलिफोनच्या तारेतून एवढं ओझं जाणं शक्यच नव्हतं.

मग जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रँडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमपी-३ ची पद्धत पुढे आणली. त्यांची युक्ती मला फार आवडते. आवाजात काय आहे यापेक्षा कानाला काय ऐकू येत नाही, हे त्यांनी पाहिलं. आपल्याकडे शेतात सोयाबीनचं थ्रेशर सुरू असलं की शेजारच्या बैलाच्या गळ्यातली घुंगरं ऐकू येत नाहीत. घुंगरं वाजतच असतात, पण मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. मग झाकलेलं साठवायचं कशाला? ते फेकून द्या. ही पद्धत पारखताना ब्रँडेनबुर्ग सुझान व्हेगा या गायिकेचं वाद्यांशिवायचं एक गाणं पुन्हा पुन्हा ऐकत. सुरुवातीला तोच एकटा आवाज खरखरीत व्हायचा. नुसता माणसाचा गळा, झाकायला दुसरं काहीच नाही. तिथं चोरी लगेच पकडली जाते.

फोनवरचं संगीत बरीच वर्षं याच जातीचं होतं. स्पॉटिफायचा सर्वांत चांगला दर्जा २०२५ पर्यंत सेकंदाला ३२० हजार बिटांचा होता, म्हणजे सीडीच्या पाव हिश्श्याहूनही कमी. ॲपलनं २०२१ मध्ये आणि स्पॉटिफायनं २०२५ मध्ये काहीही न फेकणाऱ्या फाइली द्यायला सुरुवात केली. शर्टाची घडी घालून पेटीत ठेवावी आणि उलगडली की शर्ट जसाच्या तसा, तसा हा प्रकार. आकड्यांच्या हिशेबात सीडीला तोलास तोल. पण तोच आवाज ब्लूटूथच्या इअरफोनमध्ये जाताना बहुतेक वेळा पुन्हा चेपला जातो, हे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत कुणी छापत नाही.

आता परीक्षा. भाच्यानं पंडित भीमसेन जोशींची एक सीडी आणि फोनवरचं तेच गाणं, दोन्ही एकाच ॲम्प्लिफायरला जोडलं. दोन्हींचा आवाज सारखा केला, कारण किंचित मोठं वाजणारं कानाला उगाच चांगलं वाटतं. मग मला पाठमोरं बसवून दहा वेळा विचारलं, ‘मामू, कोणतं?’ फोनचा दर्जा सर्वांत वरचा होता तेव्हा दहापैकी पाच उत्तरं बरोबर आली. छापा-काटा उडवला असता तरी तेवढीच आली असती. माझं वय पन्नाशीपुढचं, या वयात वरच्या पट्टीतली कंपनं कानातून आपोआप गळतात. अभिमान पार उतरला!

नंतर त्यानं ॲपमध्ये सर्वांत खालचा दर्जा लावला. दहापैकी नऊ बरोबर. मला सांगितलं कुणी? तंबोऱ्यानं. मिरजेत शिकलगार घराण्यांनी शस्त्रांची कामं सोडून तंबोरे घडवायला घेतले. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली एक बारीकसा दोरा सरकवतात. त्यानं जवारी लागते आणि एका तारेतून अनेक सूर झिरपत राहतात. खालच्या दर्जात ही झिरपच आधी जाते. तार वाजते, पण भोवतीचं धुकं पाण्यात बुडबुडे आल्यासारखं फुटतं. आणि हा दर्जा तुम्ही निवडलेला असतोच असं नाही. मानोऱ्याच्या रस्त्यानं जाताना नेटवर्क पडलं की ‘ऑटोमॅटिक’वर ठेवलेलं ॲप न विचारता खाली उतरतं.

पण मिरजेचं नाव आलं की मला आणखी एक आठवतं. मिरजेत राहिलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची ७८ फेऱ्यांची ध्वनिमुद्रिका दुकानात ऐकून लहानगे भीमसेन वेडावले होते. जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, त्यातही खरखर. आजच्या कोणत्याही मोजपट्टीवर ती नापास होईल. तेव्हा बाजारातल्या गाण्यासाठी सीडी की फोन, यावर मी आता भांडत नाही. जुन्या गाण्यांत फरक बरेचदा सीडीमुळे पडतही नाही. कंपनी नव्यानं ध्वनिमुद्रण ‘सुधारताना’ खरखरीबरोबर गळ्याची धारही घासून टाकते, त्यामुळे पडतो.

भांडण दुसऱ्याच गोष्टीसाठी उरलंय. १९८९ मध्ये माझ्या बहिणीच्या हळदीला अम्मी ढोलकीवर गायली होती. कुणीतरी कॅसेट भरली. २००३ मध्ये मी एका दुकानातून तिची सीडी करून घेतली. भाच्यानं कॉलेजात असताना त्या सीडीवरून छोटी फाइल केली, ती व्हॉट्सॲपवरून नातेवाइकांत फिरली. परवा ती मूळ सीडी लावली तर प्लेअर फिरत राहिला, वाजेना. कारखान्यात छापलेली सीडी वेगळी आणि दुकानात जाळलेली वेगळी. दुसरीत रंगद्रव्याचा थर असतो, तो उन्हानं, उष्णतेनं मरतो. आपल्याकडचा मे महिना तर तुम्हाला ठाऊकच आहे.

फाइल ऐकली. अम्मीचा आवाज आहे. शब्दही कळतात. पण ढोलकीवर थाप पडताना तिच्या हातातल्या बांगड्या किणकिणायच्या, तिथं आता वाळू चाळल्यासारखा आवाज येतो. ढोलकीनं झाकलेलं नको म्हणून यंत्रानं फेकलं, ते माझ्या बांगड्यांच्या वाट्याला आलं. भाच्यानं माझ्याबरोबर ते ऐकलं, आणि पहिल्यांदाच पेटीवरून काही बोलला नाही.

बहिणीला कारंज्याला फोन केला. म्हणाली, ‘भाईजान, कॅसेट आहे ना! कपाटात, कपड्यांखाली.’ एका मित्राकडे चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर आहे. भाचा म्हणतो, यावेळी काही न फेकणारी फाइल करू, तीन ठिकाणी ठेवू, आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवू, म्हणजे वाटेत चेपली जाणार नाही. येत्या रविवारी आम्ही दोघं कारंज्याला जातोय. कॅसेटची फीत चिकटली नसली म्हणजे झालं.