सातशे लिहायचे आहेत

नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांनी यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची यादी कोरलेली आहे. गायी, घोडे, हत्ती, कार्षापण. प्राकृत भाषा, ब्राह्मी लिपी आणि मधेमधे आकडे. परतताना जुन्नरच्या एसटी स्टँडवर टिपण नीट करायला बसलो आणि सातशेवर अडलो.

माझ्या जुन्या अँड्रॉइड फोनवर ब्राह्मीच्या जागी नुसते चौकोन दिसत होते. गूगलच्या ‘नोटो’ फॉन्टचं नाव या चौकोनांवरूनच पडलं: त्यांना टोफू म्हणतात, आणि नोटो म्हणजे टोफू नको. पण अँड्रॉइडच्या सिस्टिममध्ये आपल्या मर्जीचा फॉन्ट सहजासहजी घालता येत नाही. आयपॅडवर 2019 पासून वाट मोकळी झाली. ‘नोटो सान्स ब्राह्मी’ची फाइल उतरवली, फॉन्ट बसवणाऱ्या अ‍ॅपमध्ये उघडली, ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन प्रोफाइलला परवानगी दिली. पाच मिनिटांचं काम. मग ‘पेजेस’च्या यादीत तो दिसू लागला.

खरी कटकट इथून पुढे. फॉन्ट म्हणजे कीबोर्ड नव्हे. मी रोजची चिन्हं टेक्स्ट रिप्लेसमेंटमध्ये भरून ठेवली आहेत, ‘ब्रक’ लिहिलं की ब्राह्मी क उमटतो. सातशेसाठी मात्र विचार करावा लागला. या जुन्या पद्धतीत शून्य नाही. शंभराच्या चिन्हाला सात जोडला की सातशे. युनिकोडमध्ये ब्राह्मी 2010 साली आली, पण आकडे जोडणारं अदृश्य चिन्ह 2014 मध्ये. शिवाय सात दोन आहेत: एक जुन्या पद्धतीचा, एक स्थानमूल्याच्या दशमान पद्धतीचा. मी आधी दुसराच घेतला होता. शंभर आणि सात शेजारी शेजारी उभे राहिले, भांडण झाल्यासारखे. सात बदलला, मधे जोडचिन्ह घातलं, तेव्हा कुठे जुळले.

एवढा खटाटोप का, रोमन अक्षरांवर ब्राह्मीचे आकार चढवलेले फॉन्ट मिळतात की, असं एका मित्राने सुचवलं. तो उद्योग आपण मराठीत करून चुकलो आहोत. माझे पंचवीस वर्षांपूर्वीचे लेख आज उघडले तर कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं दिसतात. फॉन्ट गेला की मजकूर गेला. युनिकोडमध्ये फॉन्ट हरवला तरी सातशे सातशेच राहतात, फक्त दिसत नाहीत.

लेख पाठवला. संध्याकाळी संपादकांचा फोन आला: “अहो, तिसऱ्या परिच्छेदात चौकोन आलेत.” फॉन्ट आत बांधलेली पीडीएफ लगेच पाठवली. आता मूळ फाइलीसोबत तीही जाते, आणि फॉन्टसुद्धा.