स्वयंनिर्मित मायक्रोफोनमधील सर्किट बोर्डाची जोडणी : लोककलांच्या ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने (विशेष संदर्भ : मोडनिंब)

प्रस्तावना :
सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील मोडनिंब हे पुणे-सोलापूर महामार्गावरील गाव संगीत बारीच्या कलाकेंद्रांमुळे परिचित आहे. पेटी, तबला, ढोलकी व घुंगरू यांच्या साथीने सादर होणारी लावणी प्रामुख्याने मौखिक परंपरेने पुढे आली आहे. लावणीचे शब्द कागदावर उतरविता येतात. गळ्यातील हरकत मात्र ध्वनिमुद्रणातच टिकते. गी पॉइतवाँ व हेमा राईरकर यांनी संकलित केलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांपैकी अनेकींचे सूर आज ऐकता येतात, ते गावोगावी झालेल्या ध्वनिमुद्रणामुळेच. असे काम महाविद्यालयीन विभागांनाही करता येण्याजोगे आहे. त्यासाठी सुटे भाग आणून कन्डेन्सर मायक्रोफोन जोडता येतो. तथापि, त्याचा दर्जा सर्किटइतकाच ते आवरणात कसे बसविले यावर अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात या जोडणीचे विवेचन केले आहे.

कार्यतत्त्व :
कन्डेन्सर मायक्रोफोनच्या कॅप्सूलमध्ये ताणलेला पातळ पडदा व त्यामागील स्थिर पट्टी यांचा कॅपॅसिटर बनतो. त्याची धारिता अवघी काही दशक पिकोफॅरड असल्याने त्यातून मिळणारा संकेत अत्यंत नाजूक असतो. तो एफईटीच्या साहाय्याने केबलमधून वाहून नेण्यायोग्य केला जातो. या ठिकाणी १०० कोटी ओहम, म्हणजे एक गिगाओहम इतक्या मूल्याचा रेझिस्टरही वापरतात. इतक्या उच्च रोधाच्या बिंदूवर बोटांचा तेलकटपणा, सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स किंवा दमटपणा आल्यास विद्युतगळती होऊन खरखर निर्माण होते. म्हणून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून पूर्ण वाळवावा व नंतर कडेनेच धरावा.

जोडणीची पद्धती :
१. मापन : सोल्डरिंगपूर्वी आवरणाचा आतील व्यास मोजून पुठ्ठ्याचा नमुना बसवून पाहावा. उंच कॅपॅसिटर आडवे बसवावेत. बोर्डाची कड कानशीने घासताना तांब्याची रेघ तुटणार नाही, याची दक्षता घ्यावी.
२. कॅप्सूलमागील जागा : एकदिशीय कॅप्सूलला मागील छिद्रांतूनही ध्वनी मिळणे आवश्यक असते. बोर्ड अगदी पाठीशी चिकटविल्यास तिची दिशानिवड बिघडते.
३. तारा : कॅप्सूल ते बोर्ड ही तार शक्य तितकी आखूड ठेवावी. लांब तार ॲन्टेनाप्रमाणे कार्य करून ५० हर्ट्झची गुणगुण ओढून घेते. बाहेर जाणाऱ्या तारा विरुद्ध टोकाकडे न्याव्यात.
४. धातूचे कवच : आवरण हे केवळ शोभेचे नळकांडे नसून विद्युत संरक्षक कवच होय. एक्सएलआर जोडणीची पहिली पिन आवरणाशी थेट जोडावी. जाळी, नळी व तळ यांच्या स्पर्शस्थानी असलेला रंग खरवडून काढावा. अन्यथा कवच अखंड राहत नाही.
५. स्थैर्य : बोर्ड स्पेसर व रबरी वॉशरवर बसवावा. सैल तार आवरणावर घासली तर घुंगरांच्या नादात तिचा खडखडाट मिसळतो.

चाचणी :
आवरण बंद करण्यापूर्वी मल्टिमीटरने पहिली पिन व जाळी यांमधील रोध जवळजवळ शून्य आहे ना, तसेच दुसरी व तिसरी पिन आवरणास टेकलेली नाही ना, हे पाहावे. त्यानंतर ४८ व्होल्टचा फँटम वीजपुरवठा द्यावा. तो ६.८ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांमधून येत असल्याने दोन्ही तारा चुकून जोडल्या गेल्या तरी प्रवाह सुमारे १४ मिलिअॅम्पिअरपुरताच मर्यादित राहतो. शेवटी हेडफोन लावून आवरणास हात लावावा. हात लावताच गुणगुण बदलल्यास कवचाची जोडणी अपुरी आहे, असे समजावे. मोबाइल जवळ नेऊनही हीच तपासणी करावी.

निष्कर्ष :
भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांनी मायक्रोफोन जोडावा आणि मराठी व संगीत विभागाने त्याचा क्षेत्रकार्यात उपयोग करावा, असा आंतरविद्याशाखीय उपक्रम सहज शक्य आहे. मुद्रणात मिसळलेली गुणगुण नंतर गाळू गेल्यास आवाजाचा काही भागही तिच्याबरोबर जातो. वयोवृद्ध गायिकेची तीच लावणी पुन्हा ऐकण्याची संधी मिळेलच असे नाही. त्यामुळे खरवडून काढलेला रंग आणि आखूड ठेवलेली तार या किरकोळ वाटणाऱ्या बाबी परंपरेच्या जतनाचाच भाग ठरतात.