चारशे ओळखपत्रे, एक यादी

शाळेची चारशे ओळखपत्रे करायची आहेत. प्रत्येकावर नाव, इयत्ता, जनरल रजिस्टर नंबर, पत्ता, रक्तगट, फोटो. हाताने भरत बसलो तर दिवस जातात आणि एखाद्या मुलीच्या फोटोखाली दुसरीचेच नाव पडते. इनडिझाइन या सॉफ्टवेअरमधली ‘डेटा मर्ज’ ही सोय याच कामाची. एक्सेलच्या यादीतली एकेक ओळ उचलून ती आपण आखलेल्या कार्डात भरते. पण यादीत जे चुकले असेल ते तसेच छापले जाते. म्हणून निम्मा वेळ यादीला द्या.

शाळेकडून आलेल्या यादीत वर शाळेचे नाव, शैक्षणिक वर्ष, जोडलेले चौकोन असे बरेच काही असते. ते सगळे काढा. पहिल्या ओळीत फक्त रकान्यांची शीर्षके हवीत आणि त्यातले एकही रिकामे नको. नाहीतर इनडिझाइन फाइल स्वीकारत नाही. रजिस्टर नंबरच्या सुरुवातीला शून्य असेल तर एक्सेल ते खाऊन टाकते. तो रकाना आकडे भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ प्रकारचा करून घ्या.

फोटोच्या रकान्याचे शीर्षक @ या चिन्हाने सुरू झाले पाहिजे, तरच तिथे चित्र यायचे आहे हे सॉफ्टवेअरला कळते. एक्सेल मात्र @ ला सूत्र समजून चूक दाखवते. आधी एक एकेरी अवतरणचिन्ह टाइप करा, मग @फोटो लिहा. चिन्ह दिसणार नाही, काम होईल.

फोटोंना मुलांची नावे देऊ नका. एका वर्गात दोन साक्षी पाटील असू शकतात. रजिस्टर नंबर मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो. १०४२.जेपीजी अशी नावे द्या, तीच फोटोच्या रकान्यात लिहा आणि सगळे फोटो यादीच्याच फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता लिहावा लागत नाही. फोटो आलाच नाही, तर बहुतेक वेळा घोळ शेवटच्या अक्षरांत असतो: फाइल जेपीईजी, यादीत जेपीजी.

आता यादी जतन करताना मराठी माणसाची खरी अडचण येते. साध्या सीएसव्ही प्रकारात देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. ‘युनिकोड टेक्स्ट’ हा प्रकार निवडा. त्यात रकाने टॅबने वेगळे होतात, त्यामुळे पत्त्यातले स्वल्पविरामही अडथळा आणत नाहीत. माझा भरवसा याच प्रकारावर आहे.

इनडिझाइनमध्ये विंडो मेनूतल्या युटिलिटीजमध्ये डेटा मर्जची चौकट आहे. तिथे ही फाइल निवडा आणि शीर्षके कार्डावर ओढून ठेवा. परिच्छेदाच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ म्हणजे देवनागरी जुळवणारी यंत्रणा निवडलेली हवी. नाहीतर जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच जागी बसते.

‘रक्तगट:’ हा शब्द कार्डावर टाइप केलात, तर ज्याचा रक्तगट दिलेला नाही त्याच्या कार्डावर तो एकटाच लोंबत राहतो. रिकाम्या ओळी काढून टाकण्याचा पर्याय आहे, पण ओळीत एक साधी मोकळी जागा जरी असली तरी तो चालत नाही. त्यापेक्षा तो शब्द एक्सेलमध्येच सूत्राने रक्तगटाला जोडून घ्या आणि रक्तगट नसेल तिथे रकाना पूर्ण रिकामा ठेवा.

पत्ता दोन ओळींत हवा असेल तर एक्सेलच्या चौकोनात एंटर दाबू नका. ओळ जिथे तोडायची तिथे || अशी खूण टाका आणि सगळी कार्डे तयार झाल्यावर ‘शोधा आणि बदला’ वापरून त्या खुणेच्या जागी नवी ओळ आणा.

एका कागदावर दहा कार्डे बसवायची, तर कार्डाच्या दहा प्रती डकवू नका. एकाच मुलाची दहा कार्डे निघतील. एकपानी फाइलमध्ये वरच्या डाव्या कोपऱ्यात एकच कार्ड ठेवा आणि मर्ज करताना ‘मल्टिपल रेकॉर्ड्स’ निवडा. हा पर्याय निवडता येत नसेल, तर फाइलमध्ये दुसरे पान राहिले आहे का ते पाहा.

त्याआधी ‘प्रिव्ह्यू’ सुरू करून यादीतले सर्वांत लांब नाव शोधा. ते चौकटीत मावले तर बाकीची मावतील. मर्ज करताना न मावलेल्या मजकुराचा अहवाल मागण्याची खूणही करून ठेवा.

सगळे नीट जमले तरी लगेच छापू नका. वर्गवार पाने काढून वर्गशिक्षकांकडे पाठवा. फोटो आणि नाव एकाच मुलाचे आहे ना, हे त्यांनाच ओळखता येते.