सिगारेटच्या पाकिटातला खेळाडू

रुंदीला दीड इंचही नाही, उंचीला जेमतेम अडीच इंचांहून थोडा जास्त, असा एक पुठ्ठ्याचा तुकडा. नारिंगी रंगावर करड्या गणवेशातला, मधोमध भांग पाडलेला दणकट माणूस. खाली नाव: वॅग्नर, पिट्सबर्ग. पाठीमागे सिगारेटची जाहिरात. ऑगस्ट २०२२ मध्ये अशा एका कार्डाला ७२ लाख ५० हजार डॉलर मिळाले, आणि तेही करकरीत कार्ड नव्हते, चांगलेच झिजलेले होते.

अमेरिकेत बेसबॉल कार्डांचा जन्म झाला तो खेळापेक्षा तंबाखूच्या धंद्यातून. १८८० च्या दशकात सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत. आतल्या सिगारेटी चुरडू नयेत म्हणून कंपन्या पुठ्ठ्याचा एक तुकडा घालत. तो कोरा कशाला ठेवायचा? मग त्यावर नट्या, पक्षी, सैनिक आले आणि बेसबॉलपटूही आले. मोठी माणसे सिगारेट ओढत आणि दुकानाबाहेर थांबलेली पोरे त्यांच्याकडे कार्ड मागत. आपल्याकडे काडेपेटीचे छाप जमवणाऱ्या पिढीला ही धडपड वेगळी समजावून सांगायला नको.

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने पाचशेहून अधिक वेगवेगळी कार्डे काढली. पिट्सबर्ग पायरेट्सचा होनस वॅग्नर हा तेव्हाचा मोठा खेळाडू. १९३६ मध्ये बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’साठी निवडलेल्या पहिल्या पाच जणांपैकी एक. त्याने आपले चित्र छापायला हरकत घेतली आणि त्याच्या कार्डाची छपाई लवकरच थांबली. कार्डापायी मुलांनी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून त्याने नकार दिला, असे एक मत. मोबदल्यावरून बिनसले, असे दुसरे. तो स्वतः तंबाखू खात असे, एवढ्यावरून पहिले मत मोडीत काढता येत नाही. तंबाखू खाणाऱ्या माणसालाही पोरांची काळजी असू शकते. कारण काहीही असो, आज त्याची साठेक कार्डेच माहीत आहेत.

पुढे तंबाखूची जागा च्युइंग गमने घेतली आणि मुलांना मोठ्यांकडे हात पसरायची गरज उरली नाही. १९३३ मध्ये बॉस्टनच्या गाउडी कंपनीने २४० क्रमांकांचा संच काढला. त्यातले १०६ क्रमांकाचे कार्ड त्या वर्षी छापलेच नाही. मुले पाकिटामागून पाकिटे फोडत राहिली, पण संच काही पुरा होईना. तक्रारीची पत्रे गेल्यावर कंपनीने पुढच्या वर्षी नॅप लाजोई या जुन्या खेळाडूचे १०६ क्रमांकाचे कार्ड छापले आणि पत्र लिहिणाऱ्यांना टपालाने पाठवले. ज्यांनी पत्र लिहिले नाही, त्यांच्या संचात ती जागा रिकामीच राहिली. पोरांच्या हौसेशी केलेला हा खेळ चांगला नव्हता. त्या कार्डाच्या आजच्या किमतीचे मूळ मात्र त्यातच आहे.

आज डोळ्यांपुढे येते ते बेसबॉल कार्ड टॉप्स कंपनीच्या साय बर्गर यांनी घडवले. १९५२ चा संच त्यांनी वुडी गेलमन यांच्यासोबत ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आखला. कार्ड मोठे केले. पुढे रंगीत चित्र, खेळाडूची सही आणि संघाचे चिन्ह, मागे उंची, वजन आणि आकडेवारी. ज्या मुलाला मैदानात जाऊन सामना पाहणे परवडत नव्हते, त्याला अख्खा खेळाडू खिशात घालून फिरता येऊ लागला. तो कार्डे पाठ करी, मित्रांशी अदलाबदल करी, सायकलच्या चाकाला चिमट्याने लावून फडफडवी. मुले मोठी होऊन घराबाहेर पडली की आया ती खोकी रद्दीत टाकत. अमेरिकेतल्या त्या पिढीच्या कितीतरी पुरुषांच्या मनात ही एकच हळहळ आहे.

खुद्द बर्गर यांनीही तेच केले. १९५२ च्या संचाचा शेवटचा भाग हंगाम सरताना बाजारात आला आणि पडून राहिला. १९६० मध्ये गोदाम मोकळे करण्यासाठी त्यांनी त्याची शेकडो खोकी अटलांटिक महासागरात बुडवली. त्याच भागात ३११ क्रमांकाचे मिकी मँटलचे कार्ड होते: निळ्या पार्श्वभूमीवर खांद्याशी बॅट, नजर वर. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याची एक उत्तम राखलेली प्रत १ कोटी २६ लाख डॉलरना, म्हणजे सुमारे शंभर कोटी रुपयांना गेली.

अशा किमती ऐकून १९८० च्या दशकात लोक कार्डे जपून ठेवू लागले आणि कंपन्यांनी छपाईला धरबंध ठेवला नाही. त्या काळातली बहुतेक कार्डे आज कवडीमोल आहेत, कारण ती कोणी फेकलीच नाहीत.

पैशाबरोबर लबाडीही आली. कोपरे, कडा आणि छपाईची मध्यरेषा पाहून कार्डाला दहापैकी गुण देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. त्यातल्या पीएसएने तपासलेले पहिलेच कार्ड होते वॅग्नरचे. हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीने भागीदारीत १९९१ मध्ये ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतलेले. त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली लिलावाच्या धंद्यातले बडे प्रस्थ असलेल्या बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयात दिली.

या छंदाचा खरा मानकरी वेगळाच आहे. जेफरसन बर्डिक हे न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचे रहिवासी, विजेची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार. संधिवाताने हात वाकडे झालेले. वेड बेसबॉलचे नव्हे, छापील कागदाचे. कार्डांची पद्धतशीर सूची त्यांनी केली. वॅग्नरच्या संचाचे ‘टी २०६’ हे आजही चालणारे नाव त्यांनीच दिले. त्या सूचीत वॅग्नरची किंमत होती ५० डॉलर! आपला तीन लाखांहून अधिक कागदांचा संग्रह त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला आणि तिथे बसून, दुखऱ्या बोटांनी, एकेक कार्ड वहीत चिकटवले. जानेवारी १९६३ मध्ये काम संपले. दोन महिन्यांनी ते वारले.

त्या वह्यांत वॅग्नरही आहे. लिलावात भाग घेणे कोणाच्या आवाक्यात असो वा नसो, संग्रहालयात बर्डिक यांची कार्डे आलटूनपालटून मांडलेली असतात आणि त्यांतली बरीच संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. जुन्या कागदाची आवड असलेल्यांनी ती जरूर पाहावीत.