आडव्या भाताची मजुरी कोणाच्या खात्यात?

वादळ कोणत्या महिन्यात येते, यावर शेतमजुराचे काम ठरते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात पत्रे उडाले, झाडे पडली. पण भाताची लावणी अजून व्हायची होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात, आणि त्याआधी 2019 च्या ऑक्टोबरातही, पावसाने कापणीला आलेले पीक गाठले. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानंद खोरे, म्हणजे भोर-वेल्ह्याचा सगळा डोंगरी भाग भातावर जगतो, आणि दाणा भरलेली लोंबी जड असते. ती भिजली, बुडातली माती सैल झाली, वर वारा सुटला की ताट बुडाशी वाकते आणि खाचर आडवे होते. आंबेमोहोरासारखे उंच वाण तर लवकर लोळतात.

पुढे सुरू होते ती धावपळ. बांध फोडून पाणी काढायचे, चिखलात वाकून गुंतलेली ताटे एका हाताने उचलायची, दुसऱ्या हाताने विळा चालवायचा, ओल्या पेंढ्या बांधावर नेऊन पसरायच्या, ऊन पडले की उलटायच्या, ढग आले की पुन्हा गोळा करायच्या. उशीर झाला तर दाण्याला लोंबीतच कोंब फुटतो. उभ्या पिकापेक्षा आडव्या पिकाला मजूर जास्त लागतात आणि हाती धान्य कमी येते. यंत्राने कापा म्हणणाऱ्यांनी डोंगरउतारावरची चिंचोळी खाचरे एकदा पाहावीत. चिखलात तिथे यंत्र न्यायचे कसे?

आता मदतीचे गणित पाहू. 2022 नंतरच्या आपत्ती निधीच्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये होते, तेही नुकसान 33 टक्के किंवा अधिक असेल तरच. वीस गुंठ्यांना साधारण 1,700 रुपये झाले. रोजगार हमीच्या 2025-26 च्या 312 रुपये दराने यात साडेपाच दिवसांची मजुरीही जेमतेम निघते. त्याहून वाईट गोष्ट अशी की वेळेवर मजूर लावून पीक वाचवले, तर नुकसान 33 टक्क्यांखाली येते आणि मदत हातची जाते. पंचनामा होईपर्यंत भात तसाच पडू दिला तर मदत मिळते, पण धान्य कुजते. पीक वाचवणाऱ्यालाच तोटा, असा हा नियम.

मजुराला जास्त दिवस काम मिळते, मग त्याची काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. पण नुकसान झालेला अल्पभूधारक ती मजुरी देणार कशातून? तो घरच्यांना जुंपतो किंवा इर्जिकीवर, म्हणजे शेजाऱ्यांच्या सामूहिक मदतीवर, भागवतो, आणि सातबारा नसलेला मजूर रिकामा बसतो. मदतीच्या यादीत तर त्याचे नाव मुळातच नसते. ही जादा मजुरी सरकारने द्यावी म्हटले तर खोट्या हजेऱ्या लागतील, हा आक्षेप खरा आहे. मात्र तो पंचनाम्यालाही लागू पडतो, म्हणून आपण पंचनामे थांबवलेले नाहीत. खासगी जमिनीवरच्या विहिरी, शेततळी, फळबागा रोजगार हमीतून झाल्याच आहेत. तेव्हा पंचनाम्याच्या नमुन्यात काढणीच्या जादा मजूर-दिवसांचा एक रकाना घालावा आणि ती मजुरी हजेरीपटावरून थेट मजुराच्या खात्यात द्यावी. भोर-वेल्ह्याच्या ग्रामसभांनी पुढच्या कापणीच्या आधी असा ठराव करून तहसीलदारांकडे पाठवावा.