निर्वासितांची दुसरी वाट

निर्वासित म्हटला की तोफांच्या माऱ्यातून जीव मुठीत धरून पळणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. हे चित्र खोटे नसले तरी अपुरे आहे. देशत्याग ज्या कारणाने सुरू होतो, त्याच कारणाने तो पुढे चालू राहतो असे नाही. गोव्याशेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुंडगोडची तिबेटी वसाहत याची साक्ष देईल.

मार्च १९५९ मध्ये चिनी सैन्याने ल्हासातील उठाव चिरडला. दलाई लामांनी भारतात आश्रय घेतला आणि त्यांच्यामागोमाग सुमारे ८० हजार तिबेटी हिमालय ओलांडून आले. त्यांना हाकलले ते भयाने. तत्कालीन म्हैसूर राज्याने प्रथम बायलकुप्पे व नंतर १९६६ मध्ये मुंडगोड येथे त्यांना जमीन दिली. रान साफ करून त्यांनी शेती केली, ड्रेपुंग व गंडेन हे मठ पुन्हा उभारले.

१९८० नंतर तिबेटमधील निर्बंध काहीसे सैल झाले, तेव्हा दुसरी लाट आली. तीत मुलांचा व तरुण भिक्षूंचा भरणा मोठा होता. स्वभाषेतील शिक्षण आणि मोकळे धर्माचरण मायदेशी दुर्लभ, म्हणून येथील शाळा व मठ त्यांना खुणावत होते. २००८ च्या उठावानंतर चीनने सीमा आवळली. वर्षाकाठी दोन-तीन हजारांचा ओघ दशकभरात शंभराच्या आत आला. यावरून दडपशाही संपली असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पळण्यासही वाट मोकळी असावी लागते.

आता तिसरी लाट भारतातूनच बाहेर वाहत आहे. निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या २००९ च्या पाहणीत भारतात सुमारे ९४ हजार तिबेटी होते. त्यानंतर ही संख्या बरीच घटली आहे. अमेरिकेने १९९० च्या कायद्यान्वये एक हजार तिबेटींना प्रवेश दिला, त्यांनी मागून कुटुंबे नेली, आणि वाट रुळली. येथे जन्मलेल्या अनेकांनाही परकीय म्हणून नोंदणीपत्राचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्यांचे नागरिकत्व दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये मान्य केले. त्यानंतरच्या पिढीचे काय?

अशा तरुणांना केवळ पोटार्थी म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि स्वतःचा स्वतंत्र कायदाही केलेला नाही. आश्रयाची आपली परंपरा थोर आहे यात शंका नाही. परंतु सरकारी मर्जीवर तीन पिढ्या काढणाऱ्यांना आता कायद्याचा आधार मिळाला पाहिजे.